चंद्र निंगाला का?

बसा. आज संकष्टी आहे असं समजा. तुम्ही उपास धरला असेल, नसेलही. या मननाला त्याची अट नाही. मांडी घालून बसलात तर पाठ भिंतीला टेकू द्या, खुर्चीवर असाल तर तळवे जमिनीला लागू द्या. घाई करू नका. आजचा दिवस कधी संपायचा ते चंद्र ठरवणार आहे, आणि तो कुणाच्या घाईनं लवकर आल्याचं ऐकिवात नाही.

आता एक जागा डोळ्यांपुढे आणा. समुद्रपूर, वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर जामचा चौक लागतो. तिथून पूर्वेला वळलं की थोड्याच वेळात समुद्रपूर, आणि त्याच बाजूला पुढे गिरड. दोन्हीकडे काळी जमीन. हंगामाप्रमाणे पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, चणा. गावाच्या नावात समुद्र आहे, पण खरा समुद्र कुठल्याही दिशेला पाचशे किलोमीटरांच्या आत नाही. रात्री दुरून घुमणारा आवाज येतो तो महामार्गावरच्या ट्रकांचा. हे नाव तसंच मनात राहू द्या. चंद्र आला की आपण त्याच्याकडे परत येऊ.

सकाळ आहे. आंघोळ झाली आहे. धुऱ्यावरून आणलेल्या दूर्वा निवडून, एकवीस मोजून, त्यांची जुडी देवापुढे ठेवली आहे. शेजारी जास्वंदीचं एक फूल. हात जोडून मनातल्या मनात म्हटलं आहे, आज उपास. बस, एवढंच. या क्षणी पोटात भूक नाही. कालच्या जेवणाचा आधार अजून आहे. तरीही पाहा, 'आज खायचं नाही' म्हटल्याबरोबर मन स्वयंपाकघरात जाऊन उभं राहिलं. ज्या डब्याकडे एरवी आठवडाभर लक्ष जात नाही, त्यातला चिवडा आठवला. हसू आलं तर येऊ द्या. ही भूक सवयीची आहे, पोटाची अजून आलेली नाही. तिला हाकलू नका. ओळखीचं माणूस अवेळी दारात आलं तर आपण 'बसा' म्हणतो आणि हातातलं काम चालू ठेवतो, तसं करा.

भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा नजर टाका. पौर्णिमा होऊन गेली. आज वद्य चतुर्थी. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. चंद्राची चाल कमीजास्त होते, त्यामुळे एखादी तिथी वीस तासांत आटोपते, तर एखादीला सव्वीस तास लागतात. आपल्या दिवस-रात्रीच्या चौकटीत ती नेमकी बसत नाही. सकाळी तृतीया असते, दुपारी केव्हातरी चतुर्थी लागते. बहुतेक व्यवहारांत सूर्य उगवताना कोणती तिथी आहे ते पाहतात. संकष्टीला मात्र चंद्र उगवताना चतुर्थी असावी लागते. असे दिवस वर्षात बारा, अधिक महिना आला की तेरा. एखादा मंगळवारी येतो, मग त्याला अंगारकी म्हणतात आणि एरवी उपास न धरणारेही त्या दिवशी धरतात.

श्वास येतो आहे, जातो आहे. त्याला कुठली तिथी नाही. थोडा वेळ त्याच्याजवळ थांबा.

दुपार झाली. घरोघरच्या रीती वेगळ्या. कुणी चहापाण्यावर राहतं, कुणाकडे साबुदाण्याची उसळ होते, कुणाकडे भगर आणि दाण्याची आमटी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण चतुर्थीलाही लागू पडते, हे आपण सगळे जाणतो. तेही असू दे. आज आपण कुणाचा उपास मोजायला बसलेलो नाही.

पण तीन-साडेतीनच्या सुमाराला, ऊन स्लॅबवर तापलेलं असताना, खरी भूक येते. तिची आणि सकाळच्या भुकेची गल्लत होत नाही. तिला कुठल्याच डब्याची आठवण होत नाही. ती कुठे आहे ते शोधा. पोटाच्या खळग्यात? कानशिलांत? हातांच्या बोटांत आलेल्या हलकेपणात? तिच्याकडे नुसतं पाहा. ती चढते, थोडा वेळ थांबते, मग उतरते. आणि उतरताना एक गोष्ट करून जाते : कान उघडते. पोट भरलेलं असताना ऐकू न येणारे आवाज ऐकू येतात. शेजारच्या घरातला पाळणा. नळावरची बादली. भिंतीपलीकडे कुणीतरी हळू आवाजात बोलतंय, तेही.

भिंतीपलीकडचं ऐकू येणं. इथे जरा थांबू.

याच जिल्ह्यात, नागपूर-वर्धा रस्त्यावर, केळझर आहे. टेकडीवर गणपतीचं देऊळ आहे, विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. संकष्टीला पंचक्रोशीतली माणसं तिथे चढून जातात. त्याला एकचक्रा गणेश म्हणतात, कारण महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, अशी लोकांची श्रद्धा आहे. ती गोष्ट लहानपणी ऐकताना आपल्या लक्षात राहतो तो भीम. गाडाभर अन्न घेऊन बकासुराकडे निघालेला, आणि ते अन्न राक्षसासमोर बसून स्वतःच खाणारा. आज भुकेल्या पोटी तीच गोष्ट आठवा आणि भीमाच्या आधीचा क्षण पाहा. परक्या गावात, परक्याच्या घरात आश्रयाला राहिलेली कुंती. घरमालकाच्या खोलीतून रडणं ऐकू येतं. आज त्या कुटुंबाची पाळी आहे; कुणी जायचं यावरून बाप, आई, मुलगी, प्रत्येक जण 'मी जातो, मी जाते' म्हणतोय. कुंतीनं ते ऐकलं, उठली आणि दाराशी जाऊन विचारलं, काय झालं? भीम निघाला तो त्यानंतर.

संकष्टीच्या नावात संकट आहे. आपलं संकट टळावं म्हणून बहुतेक जण हा उपास धरतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मूल आजारी असतं, परीक्षा असते, कर्जाचा हप्ता असतो, वेचायला आलेल्या कापसावर आभाळ भरून येतं. तुमचं जे काही असेल ते मनात येऊ द्या. त्याला नाव द्या. आणि मग, त्याला तिथेच ठेवून, भिंतीपलीकडे कान द्या. तिथे काय आहे?

गावाबाहेरच्या वावरात एक बाई कापूस वेचते आहे. कमरेला ओटी बांधलेली, बोटांना बोंडाच्या टोकांचे ओरखडे. किलोवर मजुरी. सकाळी बांधून आणलेली भाकर तिनं दहालाच खाल्ली. आता तिला लागलेली भूक आणि तुमची आजची भूक पोटाला सारखीच लागते. पण तुमच्या भुकेनं सकाळी देवापुढे उभं राहून परवानगी मागितली होती. तिची भूक न विचारता आली आहे. तुमची आज रात्री चंद्र उगवला की संपेल. तिची उद्याही येणार आहे. या विचारातून लगेच काही निष्पन्न व्हायला हवं असं नाही. अपराधी वाटून घेऊ नका, कसला निश्चयही करू नका. नुसतं माहीत असू द्या. उपासानं आज एवढं दाखवलं.

दिवेलागण. देवापुढे समई लागली आहे. घरात कुणीतरी अथर्वशीर्ष म्हणतं आहे, आणि स्वयंपाकघरात कढई चढली आहे.

या वेळेकडे नीट पाहा, कारण संकष्टीच्या साऱ्या दिवसात ही सगळ्यात अवघड. दिवसभर उपाशी असलेली आई आता सगळ्यांसाठी पूर्ण स्वयंपाक करते आहे. वरण, भात, पोळ्या, एक भाजी, तळणीचे मोदक. मोदकाच्या सारणात खोबरं आणि खसखस. तूप-वेलचीचा वास घरभर. वरणाच्या फोडणीत हळद पडते, आणि इथली हळद म्हणजे बहुधा वायगावची, याच तालुक्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली. हे सगळं तिच्या हातांतून जातं आणि तिच्या जिभेला काही लागत नाही. नैवेद्य आहे, चाखायचा नाही. मीठ किती पडलं, हे तिला माहीत नाही. तिच्या हाताला माहीत आहे.

तुमच्या हाताला असं काय माहीत आहे, जे तुम्ही कधी चाखून पाहिलेलं नाही? प्रश्न घाईनं सोडवू नका. तो असू द्या.

आणि आता वाट.

स्वयंपाक झाला आहे. ताटं घासूनपुसून ठेवली आहेत. काही करायचं उरलेलं नाही, आणि जेवायचंही नाही. एरवी आपल्या दिवसात असा वेळ सापडत नाही. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, पण ती ज्या गावाची असेल त्या गावाची. समुद्रपूर मुंबईच्या सहा अंश पूर्वेला आहे. म्हणून मुंबईच्या वेळेआधी साधारण पंचवीस मिनिटं इथे चंद्र उगवतो. ऋतूप्रमाणेही वेळ सरकते. चंद्राचा मार्ग कधी क्षितिजाला लवून जातो, कधी उभा चढतो. त्यामुळे भाद्रपद-आश्विनातल्या संकष्टीला तो आठच्या आसपास येतो, आणि चैत्र-वैशाखात, उकाड्यानं जीव कासावीस झालेला असताना, दहाच्या मागेपुढे. पौषातल्या तिळी चतुर्थीला तो ईशान्येकडे सरकलेला असतो, ज्येष्ठात आग्नेयेकडे. शिवाय छापलेली वेळ सपाट क्षितिजाची. झाडं, घरं, टेकडी यांच्या डोक्यावरून दिसायला त्याला आणखी काही मिनिटं लागतातच.

खालून आवाज येतो, "पाय बरं, निंगाला का चंद्र?"

एक पोर स्लॅबवर पळतं. वरून ओरडतं, "अजून नाई निंगाला!"

हे पोर याआधी आपल्याला भेटलेलं आहे. पोरबंदरात भेटलं होतं, दीडशे वर्षांपूर्वी. गांधीजींनी आत्मकथेत आपल्या आईविषयी, पुतळीबाईंविषयी लिहिलं आहे. एका चातुर्मासात आईनं सूर्य पाहिल्याशिवाय न जेवण्याचं व्रत घेतलं होतं. पावसाळ्याचे दिवस. मुलं आभाळाकडे डोळे लावून बसत. ढगांत फट पडून सूर्य दिसला की आईला हाक मारत घरात पळत. ती बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा ढगाआड. मग ती, देवाच्या मनात आज माझं जेवण नाही, अशा अर्थाचं काही म्हणून हसतमुखानं कामाला लागे. तोच मुलगा पुढे मोठा होऊन 1936 साली याच वर्धा जिल्ह्यातल्या शेगावला राहायला आला. ते गाव म्हणजे आजचं सेवाग्राम. त्यांचे उपास साऱ्या जगानं पाहिले. त्यांची सुरुवात एका घरात, आईसाठी आभाळाकडे पाहणाऱ्या पोरापासून झाली असेल काय, असं आपलं मला वाटतं.

तुम्हीही स्लॅबवर या. मनानंच. पायाखाली दिवसाची ऊब अजून आहे. पूर्वेकडे तोंड करा.

समोर, अंधारात, गिरडची दिशा. तिथल्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे, आणि तिथे जाणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोघंही असतात. रमजानची आणि ईदची कोर पाहायची तर पश्चिमेकडे पाहावं लागतं, सूर्य बुडाल्याबरोबर. गिरडला उभं राहून कुणी ती कोर शोधतो तेव्हा त्याचं तोंड समुद्रपूरच्या बाजूला असतं. संकष्टीला समुद्रपूरची माणसं पूर्वेला पाहतात तेव्हा त्यांचं तोंड गिरडच्या बाजूला असतं. एकाच रस्त्याच्या दोन टोकांवरून, महिन्याच्या दोन टोकांना, दोघंही एकाच चंद्राला विचारत असतात : आलास का?

आणि हाच चंद्र भाद्रपद शुद्ध चतुर्थीला पाहायचा नसतो. गणपतीला हसला म्हणून शाप मिळालेला. त्या रात्री जो त्याला पाहील त्याच्यावर खोटा आळ येईल. आकडा तोच, चौथा. एका चतुर्थीला त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि दर वद्य चतुर्थीला तो दिसेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. ज्याचं चुकलं त्याला वर्षातून एक रात्र दूर ठेवणारी आणि बारा रात्री त्याची वाट पाहणारी ही रीत आहे. तुम्ही कुणाकडे पाठ फिरवली असेल तर त्याचं नाव आता आठवेल. आठवू द्या. गेल्या किती रात्री वाट पाहिलीत, तेही.

क्षितिजाजवळ थोडा तांबूस उजेड. तुरीच्या शेंड्यांमागे, लिंबाच्या फांद्यांमागे. पाहा.

आला.

त्याला नीट निरखा. पौर्णिमेचा वाटोळा चंद्र हा नव्हे. आज त्याचा 83 ते 90 टक्के भाग उजळलेला आहे. आणि गेलेला भाग वरच्या बाजूला आहे. उगवताना वद्य चतुर्थीचा चंद्र माथ्याकडून झिजलेला दिसतो, कुणी डोक्यावर हात ठेवून किंचित दाबल्यासारखा. कारण सूर्य त्याच्या खाली आहे, जमिनीच्या पलीकडे, उद्याच्या सकाळच्या वाटेवर. चंद्राची उजळ बाजू तिकडे वळलेली आहे. पहिली कड दिसल्यापासून अख्खा वर यायला दोन-अडीच मिनिटं लागतात. तेवढा वेळ डोळे हलवू नका. चार दिवसांपूर्वी तो पूर्ण होता, आणि वेळेवर आला होता, सूर्य बुडता बुडता. तेव्हा कुणी उपाशी बसलं नव्हतं. आज तो उशिरा आला आहे, कमी होऊन आला आहे, आणि आज घरोघरी माणसं त्याच्यासाठी जेवायची थांबली आहेत.

याच्याजवळ राहा. उशिरा येणारं, थोडं कमी होऊन येणारं, तुमच्या आयुष्यात काय आहे? परगावी गेलेलं मूल, पडलेल्या भावानं हातात आलेले पैसे, म्हाताऱ्या बापाच्या तोंडून चाळीस वर्षांनी निघालेला एखादा मऊ शब्द. तुम्ही स्वतःही कधी कुणाकडे असेच पोचला असाल. तेव्हा कुणी ताट झाकून ठेवलं होतं का? त्या माणसाचा चेहरा समोर येऊ द्या.

आता आपण ठेवून दिलेलं नाव परत हातात घेऊ. समुद्रपूर.

चंद्रानं समुद्र उचलला जातो हे शाळेत शिकलो. इथे समुद्र नाही. पण चंद्र जमिनीलाही ओढतो. टणक वाटणारी ही पृथ्वीसुद्धा त्याच्या ओढीनं दिवसातून दोनदा फुगते आणि दोनदा बसते, चंद्रामुळे साधारण वीतभर. घर, झाड, विहीर, रस्ता, सगळं एकदम वर जातं, म्हणून कुणालाच कळत नाही. चंद्र क्षितिजावर असतो ती जमिनीच्या ओहोटीची वेळ. तो चढू लागला की ही काळी माती चढू लागते, आणि तो माथ्यावर येईपर्यंत चढत राहते. आत्ता, तुम्ही स्लॅबवर उभे असताना, पायाखालचं समुद्रपूर वर यायला लागलं आहे. तळवे टेका. जाणवणार नाही. तरी टेका.

गडव्यातलं पाणी, गंध, अक्षता, फूल. ओंजळीतून अर्घ्य सोडा. पावसाळ्यात कधी ढग हटतच नाहीत. तेव्हा वेळ झाली की तो जिथे असेल त्या दिशेला पाणी सोडतात आणि नमस्कार करतात. न दिसणाऱ्याला असं 'आलास' म्हणणं, तेही कधीतरी करून पाहा.

खाली ताटं वाढली आहेत. नैवेद्य दाखवून झाला. पहिला घास हातात घ्या, पण लगेच तोंडात घालू नका. एक श्वास. भाताची वाफ, तूप, वरणाचा पिवळा रंग. आता खा. जीभ दिवसभरात प्रथमच बोलते आणि म्हणते, मीठ किंचित कमी आहे. कुणी काही बोलत नाही. आई एकदा सगळ्यांच्या ताटांकडे पाहते आणि मिठाची वाटी पुढे सरकवते.

हळूहळू जेवा. हळूहळू या मननातून बाहेर या. हातांची बोटं हलवा, खोलीतले आवाज ऐका. भिंतीपलीकडचेही.

तेवढ्यात फोन वाजतो. पुण्याला असलेली लेक. तिथे चंद्र इथल्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा येतो; तिनं गच्चीवरून फोन लावलाय, आवाजात दिवसभराची भूक.

"आई, तुमच्याकडे निंगाला का गं? इथं तर पत्ताच नाई."

आई हातातला घास ताटात ठेवते.

"येते वं," ती म्हणते, "इथून निंगाला आताच."